लाख आणि वर तीन

ही वही नातीची. शाळा संपल्यावर तिने ती रद्दीत टाकली होती, मागची पानं कोरी दिसली म्हणून मी काढून घेतली. माझं अक्षर वाईट आहे. ओळ सुरू होते तिथे जरा बरं असतं आणि शेवटाला पोचेपर्यंत खाली घसरतं. ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीच्या बाईंनाही माझ्या हातात बसवता आले नाहीत, आणि चौथीनंतर कुणी प्रयत्न केला नाही. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण कुणाच्या हाती पडलंच तर शुद्धलेखनाकडे बघू नये, माफ करावं. आकडे मात्र खुशाल तपासावेत. ते बरोबर आहेत. एकदाच चुकले होते, ते मी लपवणार नाही.

आमचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. पुढे बाबांचा कारखाना आणि मागे आम्ही. कारखाना म्हणजे एक छप्पर, बाभळीच्या लाकडांचा ढीग आणि बैलगाडीची चाकं. त्या काळी पनवेलच्या चाकांना लांबून गिऱ्हाईक यायचं. सकाळी डोळे उघडायचे ते लाकूड तासणाऱ्या वाकसाच्या आवाजाने, आणि आठवड्यातून एकदा चाकावर धाव चढवायची असायची. लोखंडाची ती कडी लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. तो चर्र आवाज आणि जळक्या लाकडाचा वास घरभर भरायचा, आमच्या भाकरीलाही लागायचा. तांदळाची भाकरी, कोकम घातलेलं वरण आणि तव्यावर परतलेली सुकट, एवढं असलं की बाबा काही बोलायचे नाहीत. तसेही ते फार बोलत नसत. मी त्यांच्यावर गेले.

दिवेलागणीला परवचा असायचा. माझा मोठा भाऊ, दादा, मॅट्रिकच्या वर्गात होता तरी त्याला सूट नव्हती. बे एके बे पासून तीस दाहे तीनशेपर्यंत, दोघांनी एका सुरात. दादा झोपेत असल्यासारखा म्हणायचा. मला मात्र त्यात एक चाळा लागला होता. म्हणता म्हणता मी मनात बघायची की कुठले आकडे कुठल्याच पाढ्यात येत नाहीत. एकतीस नाही. सदतीस नाही. एक्केचाळीस, त्रेचाळीस नाही. मग एकदम सत्तेचाळीस, त्रेपन्न. चोवीस बघा, किती घरी जेवून येतो. हे मात्र कुणाच्याच घरी जात नाहीत. मी त्यांना एकांडे म्हणायची, मनातल्या मनात. दादाला एकदा सांगितलं तर म्हणाला, "चौथी पास बाईंनी शोध लावला." त्यानंतर सांगितलं नाही. परवा नातीला विचारलं तेव्हा कळलं की त्यांना मूळ संख्या म्हणतात, आणि ते पाचवीच्या पुस्तकातच असतं. म्हणजे मी एका वर्षाने चुकले.

पावसाळा संपत आला होता तेव्हा भात गिरणीवाल्यांच्या घरून आईला बोलावणं आलं. गिरणीवाल्यांची आई, दुर्गाकाकी, गावात मोठी बाई. तिच्या सासूचा लक्षवातींचा नवस होता, तो फेडायच्या आतच सासू गेली, आणि तो काकीच्या गळ्यात राहिला. त्रिपुरी पौर्णिमेला तो फेडायचा होता. लाख वाती वळायच्या, कापूस आपला, मजुरी धरून साठ रुपये, सगळे आगाऊ. आईचा वातीचा हात चांगला होता. एकसारखी, बारीक, मधे गाठ नसलेली वात. साठ रुपये घरात आले, त्यातले काही पिंजाऱ्याला गेले आणि उरलेल्यांत दादाची फी भरली.

मग आमच्या घराचा आवाज बदलला. पुढे वाकस आणि मागे काहीच नाही. वाती वळताना आई बोलत नसे, तळहातावर कापूस फिरायचा त्याचा आवाज येत नाही. सोवळ्याचं काम म्हणून सुकट बंद, बोंबील बंद. दादा जेवायला बसला की ताटाकडे बघून म्हणायचा, "लाख कधी होणार?" आई वळायची आणि मी मोजायची. शंभराची एक जुडी, दोऱ्याने बांधलेली. दहा जुड्यांची एक टोपली. आईने एकदाही माझी मोजणी पडताळली नाही. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवायला हवं की मोजणी माझी होती.

हजार जुड्या झाल्या. त्यावर आईने तीन वाती आणखी ठेवल्या. तिच्या माहेरची ती रीत होती. एक देवाची, एक घराची आणि एक चुकीची. मोजताना माणसाच्या हातून काही राहिलं तर देवाला कमी पडू नये म्हणून. काकीकडे टोपल्या पोचवल्या, गुरुजींनी पाण्यावर हात ठेवून संकल्प सांगितला, त्यात एक लक्ष तीन असा आकडा उच्चारला. एकदा उच्चारला की त्यातली एक काढता येत नाही आणि एक घालताही येत नाही.

खोट तिथे निघाली नाही, दिवे मांडताना निघाली. सासूचं बोलणं असं होतं की दिवे कितीही असोत, पण सगळ्यांत वाती सारख्या हव्यात. कुठला दिवा उपाशी राहू नये आणि एकही वात शिल्लक राहू नये. काकीने अकरा दिवे मांडले, जुड्या बांधलेल्याच वाटल्या आणि उरल्या तेवढ्याच सोडल्या. दोन वाती उरल्या. एकवीस मांडले, एक उरली. एक्कावन्न मांडले तर त्रेचाळीस उरल्या. वाती वाटायचं काम गोमीकडे होतं. गोमी विचुंब्याची, काकीकडे कामाला यायची. तिने आईला रस्त्यात गाठून हे सांगितलं. "मोजून मोजून बोटां झिजली माजी. कदी दोन, कदी एक, कदी ढीगभर. तुमच्या वाती रातच्याला पिल्लां घालतान काय, बाय?" आई हसली नाही. घरी येऊन तिने मला फक्त विचारलं, "जुड्या नीट मोजल्या होत्यास ना?" मी हो म्हटलं.

गुरुजींनी कागद घेऊन दोनापासून तिसापर्यंत सगळे पाढे लावून पाहिले. एकातही आकडा बसेना. ते वाईट माणूस नव्हते, पण आमच्या गावात सगळ्यांचे पाढे तिसाशी संपायचे आणि त्यांचेही. त्यांनी काकीला सांगितलं की एकतीस, सदतीस असे बारके आकडे पाढ्यात येत नाहीत ते समजू शकतं, पण लाखाच्या वरचा एवढा मोठा आकडा तिसांतल्या एकाही पाढ्यात येत नाही असं होणार नाही. मोठ्या आकड्याला कुठे ना कुठे वाट असतेच. तेव्हा आकडा खरा नाही, मोजणी खोटी आहे, जुड्यांत वाती कमी असणार. काकीचा निरोप आला. खोट्या मोजणीचा नवस ती देवापुढे ठेवणार नाही. साठ रुपये परत करावेत, वाती ती पेणहून मागवेल.

पैसे तर खर्च झाले होते, पण आईला त्याचं एवढं नव्हतं. गावात लग्नकार्याच्या, पूजेच्या वाती तिच्याकडून जात. जिच्या हातून देवाचं कमी मोजलं गेलं तिला पुन्हा कोण विचारणार? दोन बायकांनी त्याच आठवड्यात आपला कापूस परत नेला, एकीने निदान कारण तरी सांगितलं. आई चुलीपुढे बसून राहायची. मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला दोन गोष्टींची भीती होती. एक, की मोजणी खरंच चुकली असेल. हजार जुड्यांत एखादी नव्याण्णवाची गेली असेल. आणि दुसरी, की मोजणी बरोबर असेल, हा आकडाच एकांडा असेल, आणि ते मी कुणाला पटवू शकणार नाही. दुसऱ्या भीतीचा निकाल मला लावता येण्यासारखा होता. मी बाबांच्या कारखान्यात दुपारी जाऊन बसायला लागले. पाटी पुरेना, म्हणून बाबांनी न विचारता लाकडाच्या फळ्या आणि खुणा करायची जाड पेन्सिल माझ्याकडे सरकवली. एकतीस, सदतीस, एक्केचाळीस, एकेकाने लाख तीनला भागायचं आणि बाकी लिहायची. बेचाळीस, चव्वेचाळीस बघायची गरज नव्हती. जो दोनच्या घरी जात नाही तो बेचाळीसच्या घरी कसा जाईल? फक्त एकांड्यांचे पाढे बघायचे. पण ते पाढे कुणी म्हटलेले नव्हते, मला स्वतःच रचावे लागत होते.

त्रेपन्नला भागताना शेवटी तीनशे त्रेसष्ट उरले. मी म्हटलं, त्रेपन्न साती तीनशे त्रेसष्ट. बाकी शून्य. मी धावत आत गेले आणि आईला सांगितलं की त्रेपन्न दिवे मांडायला सांग, प्रत्येकात एक हजार आठशे सत्त्याऐंशी, एकही उरत नाही. आईने पदर सावरला, चप्पल पायात घातली. काकीकडे निघालीच होती. तेवढ्यात दादा शाळेतून आला, त्याने फळी हातात घेतली आणि म्हणाला, "त्रेपन्न साती तीनशे एकाहत्तर. कुणाला फसवतेस?" फसवायचं नव्हतं मला. तीनशे त्रेसष्ट हवे होते म्हणून मी ते म्हटले होते. आईने चप्पल काढून पुन्हा भिंतीशी ठेवली, दोन्ही नीट जोडून. तो आवाज मला अजून ऐकू येतो. आज कुणी एखादी गोष्ट फार खात्रीने सांगायला लागलं की मी मनात म्हणते, त्रेपन्न साती बघ आधी.

त्या दिवसापासून मी भागाकार केला की दादा उलटा गुणाकार करून बघायचा. चिडवायचं त्याने सोडलं नाही, पण बसायचा. एकाहत्तर झाले, त्र्याण्णव सोडले कारण ते तीनच्या घरचे, सत्त्याण्णव झाले. शंभराच्या पुढे गेल्यावर त्याने विचारलं की हे कुठपर्यंत चालणार, लाखापर्यंत? मी म्हटलं, तीनशे सोळापर्यंत. ते मला आदल्या दिवशी भाकऱ्या थापताना सुचलं होतं. दिवे जास्त झाले की प्रत्येकातल्या वाती कमी होणार. दिवे तीनशे सोळाच्या पुढे गेले तर प्रत्येकात तीनशे सोळाहून कमी वाती येणार, आणि तेवढ्यांचा पाढा तर आपण आधीच बघून बसलो. तीनशे सोळा गुणिले तीनशे सोळा लाखाच्या जरा आत, तीनशे सतरा गुणिले तीनशे सतरा लाख तीनच्या बाहेर. दादाने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "हे तुला कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं नाही म्हटल्यावर तो गप्प झाला. त्याच्या आयुष्यात तो माझ्यासमोर गप्प झालेला मला हा एकच प्रसंग आठवतो.

पाच दुपारी लागल्या. शेवटचे तीनशे तेरा. बाकी एकशे छप्पन. कुठेच शून्य नाही. आकडा एकांडा होता.

त्याच दिवशी आईने हातातल्या पाटल्या सोनाराकडे ठेवून साठ रुपये आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते द्यायला ती निघाली तेव्हा मी पाटी घेऊन तिच्या मागे गेले. दुर्गाकाकी ओटीवर बसली होती, गुरुजी होते, गोमी टोपल्या आवरत होती. आईने पैसे समोर ठेवले. काकीने मोजले आणि पदराच्या गाठीला बांधले. आई म्हणाली की वाती लाख आणि वर तीनच आहेत, त्या कुठल्याच दिव्यांत सारख्या बसत नाहीत याला तिचा इलाज नाही, पोरीने सगळं करून पाहिलंय. गुरुजी हसले. हसण्यात वाईट नव्हतं, पण माझी मान खाली गेली. मला बोलता येईना. मी आईच्या कानात सांगितलं आणि आईने ते मोठ्याने सांगितलं. काकींनी हवे तेवढे दिवे सांगावेत, जुड्या सगळ्या सोडाव्यात, एकेक वात वाटावी. शेवटी किती उरतील ते पोरगी आताच लिहून ठेवेल. मोजणी खोटी असेल तर ते जुळणार नाही.

काकीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाली, "मी या घरात आले त्याला सदतीस वर्षं झाली. सदतीस मांड गोमे."

मी भिंतीकडे तोंड करून पाटीवर लिहिलं आणि पाटी देवाच्या पाटाखाली उलटी सारली. मग पाच बायका बसल्या. सकाळचे नऊ असतील. दहा-दहा वाती उचलायच्या आणि सदतीस पणत्यांपुढे ठेवत जायचं. मला आणि आईला हात लावायची मनाई होती, आम्ही खांबाशी बसलो. दुपारी काकीने सगळ्यांना आमटी-भात वाढला. आमच्यापुढेही पानं ठेवली. आईने भाताचा एक घास घेतला आणि तो तोंडात तसाच ठेवून बसली. मी सारखी पाटाकडे बघत होते. आकडा बरोबर होता याची मला खात्री होती. जुड्यांची नव्हती. एखाद्या दिवशी झोप येत असताना बांधलेली एखादी नव्याण्णवाची जुडी, एवढंच पुरे होतं.

उन्हं ओटीवरून उतरली तेव्हा प्रत्येक पणतीपुढे दोन हजार सातशे दोन वाती झाल्या होत्या आणि शेवटचा पुंजका सुपात राहिला. तो पुन्हा सदतीस जणांना पुरणार नव्हता. गोमी तो मोजायला बसली. ती मोठ्याने मोजत होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. आणि थांबली. सूप रिकामं झालं होतं.

काकीने गुरुजींना पाटी काढायला सांगितलं. त्यांनी ती उलटी केली, वाचली आणि खाली ठेवली. "एकोणतीस," ते म्हणाले.

आई उठून उभी राहिली. मला वाटलं, नव्याण्णवाची जुडी निघाली. ती कुठल्या दिवशी बांधली असेल तेही मला त्या क्षणी दिसायला लागलं. गोमीने सूप झटकलं, पाट उचलला, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. तिचे हात कोपरापर्यंत कापसाने पांढरे झाले होते. तिने एकेक बांगडी मागे सारली, आणि तिसऱ्या-चौथ्या बांगडीच्या खालून चिमटीत धरून एक वात काढली.

"ही बगा भवानी. माज्या बांगरीत अरकली. अक्का दिस मी हिला मिरवतंय."

काकीने ती वात तिच्या हातातून घेतली, सुपातल्या सगळ्या आपल्या हाताने पुन्हा मोजल्या. एकोणतीस. मग तिने पाटी उचलून बघितली, जणू आकडा बदलला असेल. आणि आईला नाही, मला विचारलं, "मग या कितींत बसतील?"

मी त्या घरात तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. "एकात," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की तिने पुन्हा विचारलं. "एकाच दिव्यात सगळ्या. नाहीतर लाख आणि तीन दिवे लावायचे, प्रत्येकात एक. तिसरं काही नाही."

गुरुजी बराच वेळ बोटांवर काहीतरी करत होते. मग म्हणाले की सासूबाईंनी दिवे किती ते सांगितलं नव्हतं, सारख्या हव्यात एवढंच सांगितलं होतं. एकच दिवा असला तर उपाशी कोण राहणार?

त्रिपुरीला काकीच्या अंगणात तांब्याचं मोठं घंगाळ ठेवलं, त्यात तुपात भिजवलेल्या सगळ्या वाती, लाख आणि तीन, बांगडीतली धरून. गाव बघायला आलं होतं. मी घरीच राहिले, मला गर्दी सोसत नाही. पण आमच्या कारखान्याच्या छपरावरून तो उजेड दिसत होता, आणि बाबा हातातलं काम ठेवून माझ्याशेजारी उभे होते. त्या रात्री आईने सुकट परतली.

काकीने चुकलं असं कधी म्हटलं नाही. तसं म्हणायची तिला सवय नव्हती. साठ रुपये तिने त्याच दिवशी गिरणीच्या खर्चात दिले होते आणि गिरणीचा गल्ला मुलाच्या हातात होता, म्हणून ते एकदम परत आले नाहीत. पाटल्या सोनाराकडेच राहिल्या आणि आई मोकळ्या मनगटाने वाती वळत राहिली, कारण बायका पुन्हा कापूस घेऊन यायला लागल्या होत्या. दिवाळीनंतर महिन्याने गोमीच्या हाती वीस आले. संक्रांतीला तिळगुळाबरोबर वीस आले. होळीच्या आधी गोमी तिसऱ्यांदा आली, कमरेची पुरचुंडी सोडून आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, काकीनी सांगितलंय, आता देनं नाय, घेनं नाय. आईने मोजले आणि मला पुन्हा मोजायला दिले. एकवीस होते. मी गोमीला म्हटलं की एक जास्त आलाय. ती म्हणाली, जास्त नाय, काकीनी मुद्दाम टाकलाय, शून्यावर संपनारा आकडा अपशकुनी म्हणून वर एक. आई त्याच पावली सोनाराकडे गेली आणि पाटल्या घालून आली. मी मात्र उंबऱ्यात बसून मनात सगळे पाढे म्हणून पाहिले. साठ कितीतरी घरी जातो. एकसष्ट कुठेच जात नाही.